सात घरचा चहा

माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटायला फारसं काही लागत नाही. मला चार कंप्युटर आणि एक कूलर पुरला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वर्ध्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका किराणा दुकानाच्या माडीवर मी कंप्युटरचा क्लास काढला आणि सहा महिन्यांत माझ्या बोलण्यात, चालण्यात, एवढंच काय शिंकण्यातही एक तांत्रिक वजन आलं. पोरं 'सर' म्हणत. खालचा किराणावाला 'साहेब' म्हणे. घरी आई मात्र 'पाण्याची मोटर बंद कर' एवढंच म्हणे. आणि चाफलेभाऊ म्हणत, 'बाबू'. ते वजन ज्यांनी हलकं केलं ते हेच.

चाफलेभाऊ कुष्ठरोगाच्या कामातले कर्मचारी. डॉक्टर नव्हेत. सायकलवर गावोगाव फिरायचं, लोकांच्या अंगावरचे चट्टे पाहायचे, तो चट्टा बधिर आहे का ते तपासायचं, आणि ज्याला लागतील त्याला गोळ्या पोचवायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रोगाचं नाव ते कधी घेत नसत. 'चट्टा' म्हणत. सडपातळ बांधा, पांढरा हाफ शर्ट, खिशाला एक साधं बॉलपेन. त्या पेनानं मी त्यांना फार कमी वेळा लिहिताना पाहिलं. ते पेन तपासायला असे. "डोळे मिटा. जिथं टोक लागलं तिथं बोट ठेवा," असं म्हणून ते पेनाचं टोक अलगद टेकवत. निम्म्या तालुक्याने त्या पेनापुढे डोळे मिटले असतील.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास, आमच्याच गल्लीत. तेव्हा मी कॉलेजात होतो, म्हणजे घरी असायचो. आमची गल्ली लहानशी. सात घरं, आणि तोंडाशी हातपंप. महिन्यातून एकदा एक माणूस त्या हातपंपाला सायकल टेकवायचा आणि पहिल्या घरापासून सातव्या घरापर्यंत ओळीनं जायचा. प्रत्येक घरी सगळ्यांचे हात-पाय पाहायचा, प्रत्येक घरी अर्धा कप चहा प्यायचा आणि निघून जायचा. आमच्याही घरी यायचा. मी डोळे मिटून पेनाचं टोक ओळखायचो आणि मनात हसायचो. हा मनुष्य सरकारच्या खर्चानं वर्धा जिल्ह्याच्या चहाची पाहणी करतो आहे असं माझं ठाम मत होतं, आणि ते मी मित्रांना सांगतही असे.

पुढे कुणीतरी मला सांगितलं, की हे लोक जिथं पेशंट असतो तिथंच दरमहा येतात. झालं. आमच्या सात घरांत कुणीतरी एक 'तो' आहे हे कळल्यावर मी झोपेतून उठल्यासारखा कामाला लागलो. खिडकीत बसून भाऊ कोणत्या घरी किती वेळ थांबतात ते मी पाहू लागलो. कोपऱ्यावरचे शिंपीकाका उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत, म्हणून त्यांच्यावर माझा पहिला संशय. तिसऱ्या घरच्या काकू हळदीकुंकवाला सहसा येत नसत, म्हणून दुसरा त्यांच्यावर. वहीत मी घरांचे क्रमांक टाकून मिनिटं लिहिली. तीन महिन्यांच्या अभ्यासानंतर निष्कर्ष असा निघाला, की चाफलेभाऊ प्रत्येक घरी बरोबर सारखाच वेळ बसतात. चिडून मी वही टाकून दिली. पण सवय कुठे टाकता येते? पुढे मी वेबसाइटवर लोकांची नजर मोजायला बसलो, त्याची शिकवणी त्या खिडकीतच झाली होती.

भाऊंची खरी ओळख झाली ती त्यानंतर आठ-दहा वर्षांनी. ते निवृत्त होऊन एका लहानशा ट्रस्टच्या खोलीत बसू लागले होते. ट्रस्टला वाटलं, आता इंटरनेट आलं आहे, तर चट्ट्याची माहिती देणारी मराठी वेबसाइट काढावी. लोक लाजेनं विचारत नाहीत, निदान वाचतील तरी. काम माझ्याकडे आलं आणि मजकूर तपासायला भाऊ माडीवर येऊ लागले. जिना चढून आले की आधी पोरांच्या चपलांकडे पाहत. चपलेच्या घासण्यावरून पाय कसा पडतो ते कळतं म्हणे. मी त्यांना खुर्ची द्यायचो आणि ते स्टुलावर बसायचे.

त्यांच्या काही रीती मला तेव्हा विचित्र वाटत. बाजारात, लग्नात, बसस्टँडवर ते कुणालाही आपण होऊन नमस्कार करत नसत. लोक त्यांना शिष्ट समजत. मीही समजत होतो. एकदा एका लग्नात आम्ही पंगतीला शेजारी बसलो होतो. समोरच्या ओळीतला एक पागोटेवाला माणूस त्यांच्याकडे पाहून पटकन पानात पाहू लागला. भाऊंनीही वरण-भातात लक्ष घातलं. मी म्हटलं, "भाऊ, तो तुम्हाला ओळखत असावा."

"वयखते," भाऊ म्हणाले. "मी बी वयखतो. म्हणूनच तं नाई वयखत."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी जेवता जेवता सांगितलं, "आपण रामराम केला का बाजूचा इचारते, हे कोण होत तुमचे? मंग तो का सांगन? त्याले वाटलं तं तो करन रामराम. आपण वाट पाहाची." आणि मठ्ठा मागून घेतला.

सात घरच्या चहाचं रहस्यही त्यांनीच फोडलं, तेही मी विचारलं म्हणून. "भाऊ, पेशंट एका घरी असताना तुम्ही सगळ्या गल्लीत का जायचे?"

"एका घरी चहा प्याला तं ते पेशंटचं घर. सात घरी प्याला तं मी पाव्हना." मग पोटावर हात ठेवून म्हणाले, "माही बायको म्हणे, तुमची पोटदुखी हे नोकरीतली कमाई होय."

सायकल ते कधीच पेशंटच्या दारात लावत नसत. हातपंप, शाळा, पार, कुठंही, पण दार नाही. नाव-गाव दवाखान्याच्या कार्डावर, ते दवाखान्याच्या कपाटात. त्यांच्या खिशातल्या लहान वहीत फक्त आकडे असत. अमुक गाव, इतके तपासले, इतके चट्टे. महिना संपला की ऑफिसात आकडा देऊन ते वहीची पानं फाडून चुलीत घालत. "किती इचाराव बाबू," ते म्हणत, "कोण इचारू नाई. 'किती'नं काम होते. 'कोण'नं लोकायचे घरं मोडते."

एवढं सगळं ऐकूनही मी जे केलं ते केलं. त्याला अक्कल नुसती कमी असून चालत नाही, सोबत उत्साहही लागतो.

वेबसाइट तयार झाली आणि मी पहिल्या पानावर एक झगमगता काउंटर लावला. किती लोक येऊन गेले ते त्यात दिसे. शून्य दिसणं बरं नव्हे म्हणून मी तो एक हजारापासून सुरू केला. भाऊंनी चष्मा पुसून पाहिलं.

"हे हजार लोकं कवा आले?"

"आले नाहीत भाऊ, सुरुवातच हजारापासून केली."

"अन् हजाराच्या वर हे अकरा?"

मी घसा साफ केला. त्यातला मी आठ होतो.

तो काउंटर काढला आणि परदेशातल्या एका कंपनीचा फुकट मिळणारा हिशेबनीस लावला. हा भलताच हुशार निघाला. माणूस कुठून आला, किती वाजता आला, कोणतं पान किती वेळ पाहिलं, आधी कुठं होता, त्याच्या पडद्याची रुंदी किती, सगळं सांगे. देशांचे झेंडेसुद्धा दाखवी. मी भाऊंना मोठ्या अभिमानानं दाखवलं. ते पडद्याजवळ वाकले.

"पडद्याची रुंदी घेऊन तू का त्याची चड्डी शिवून राह्यला?"

"माहिती असलेली बरी, भाऊ."

"अन् हा फुकट काऊन देऊन राह्यला? कापसाच्या बाजारात फुकट पोतं देणारा व्यापारी मी नाई पाह्यला."

मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. पुढे हेच तीन प्रश्न मी कितीतरी लोकांना माझेच म्हणून ऐकवले आहेत, म्हणून इथं कबुली देतो. "हे का लिहिते? कुठं ठेवते? अन् फाडते कवा?" पहिल्याचं उत्तर होतं, सगळं. दुसऱ्याचं, कंपनीच्या मशीनवर, कुठल्या देशात ते देव जाणे. तिसऱ्याचं उत्तर मी शोधायला गेलो आणि एक लांबलचक इंग्रजी करार वाचून परत आलो. फाडायची त्यात सोयच नव्हती.

"काढ," भाऊ म्हणाले.

मी काढला. पण मन खट्टू झालं. मोजल्याशिवाय वेबसाइट चालवायची म्हणजे डोळे बांधून सायकल चालवणं, असं मला वाटे. म्हणून मी स्वतः एक युक्ती केली. पान उघडण्याआधी वाचकानं आपलं गाव निवडायचं. आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, अशी यादी. नाव नको, पत्ता नको, फोन नको. फक्त गाव. वेळ मशीन आपोआप टिपणार, आणि सगळं माझ्याच जागेवर राहणार, परदेशी कंपनी नाही. भाऊंना मी 'नाव विचारत नाही' एवढंच सांगितलं. वेळेचं सांगायला विसरलो. खरं तर विसरलो नाही, सांगितलं नाही.

दीड महिन्यानं माझ्या अहवालात एक रत्न सापडलं. कारंजा (घाडगे) इथून कुणीतरी सलग तीन मंगळवारी, सकाळी अकरा-चाळीसच्या सुमारास, 'चट्टा बधिर असेल तर' हे पान उघडलं होतं. शेवटच्या मंगळवारी तर बत्तीस मिनिटं. मला गहिवरून आलं. त्या वाचणाऱ्या माणसासाठी नाही, माझ्या वेबसाइटसाठी. मी तो कागद छापला, ओळीखाली रेघ मारली आणि ओळखीच्या एका वार्ताहराला दिला. दोन दिवसांनी बातमी आली. 'चट्ट्याच्या वेबसाइटला कारंजातून प्रतिसाद', खाली वार, वेळ, मिनिटं, सगळं. मी कात्रण क्लासच्या फळ्याशेजारी डकवलं आणि नावाखाली पिवळा रंग दिला. माझ्या नावाखाली.

त्याच दुपारी फोन आला. कारंज्याहून गिरधारीशेठ बोलत होते. हायवेलगत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत चार कंप्युटर टाकून त्यांनी सायबर कॅफे काढला होता. अख्ख्या कारंज्यात तेवढा एकच.

"सर, कारंजाचं नाव पेपरात! म्हंजे आपलाच कॅफे झाला ना भाई! दुसरा हायेच कुठं?" शेठचा आवाज आनंदानं फुटला होता. "मी लगेच रजिस्टर काढलं. येणाऱ्याचं नाव-टाइम लिहून घेतोच आपण. तिन्ही मंगळवार टॅली केले. सापडलं नाव! रविवारी आपण सत्कार ठेवून राह्यलो. शाल, श्रीफळ, चौकात पेंडॉल. तुमी अध्यक्ष."

मी 'अरे वा' म्हणालो. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण मी 'अरे वा' म्हणालो. 'अध्यक्ष' हा शब्द कानात घुमत होता. त्या नादात मी जिना उतरून भाऊंच्या घरी गेलो आणि ही आनंदाची बातमी त्यांना दिली.

भाऊ भाजी निवडत होते. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतंच म्हणाले, "बाबू, तू सायकल पेशंटच्या दारात लावली."

आत्ता कुठे मला सगळं दिसलं. कुणीतरी एक माणूस, घरातल्यांना चोरून, तीन मंगळवार कापडाच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत बसून आपल्या अंगावरच्या चट्ट्याचं वाचत होता. भीतीनं बत्तीस मिनिटं. आणि आता त्याला भर चौकात, माइकवर नाव पुकारून, नारळ मिळणार होता. नाव मी विचारलं नव्हतं हे खरं. पण वार, वेळ आणि गाव मी दिलं, उरलेलं रजिस्टरनं दिलं. दोन अर्धे मिळून एक अख्खा माणूस उघडा पडला. बाईमाणूस असेल तर घर सुटेल, पोरगी असेल तर लग्न.

"सकाळची पहिली यष्टी," भाऊ म्हणाले. "तू बी येजो."

बसमध्ये मी माफीची भाषणं जुळवत होतो. भाऊ खिडकीतून तुरीची शेतं पाहत होते. कारंज्यात उतरून ढाब्यांच्या ओळीपुढून आम्ही दुकानात गेलो. शेठ गोरेपान, गोल, मनानं अगदी चांगले. त्यांनी गाद्या झटकल्या, चहा सांगितला आणि म्हणाले, "आधी सांगतोच तुमाले, ते कोण होय तं. आपल्या त्या—"

"थांबा," भाऊ म्हणाले. "नाव नका सांगू. मले नाव समजलं का माह्या डोयात दिसते. उद्या रस्त्यात भेटलो तं त्याले दिसन."

"अहो पण चांगल्या कामाचा सत्कार होय! लपवाचं काय त्यात?"

भाऊंनी शेठचा हात हातात घेतला, झब्ब्याची बाही वर सारली. दंडावर एक फिकट चट्टा होता, रुपयाएवढा.

"हा कवापासून हाय?"

"कोणता? हा होय का... असन चार-सहा महिन्यापासून." शेठ हसले. मग हसू थांबलं. भाऊंनी खिशातून पेन काढलं होतं.

"डोये मिटा."

शेठनी डोळे मिटले नाहीत. ते उठले आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आले. परत बसले तेव्हा चेहरा उतरला होता. "लोकं पाह्यते ना," ते हळू आवाजात म्हणाले.

भाऊंनी टोक टेकवलं. शेठनी बोट ठेवलं, अगदी बरोबर जागी. पुन्हा टेकवलं, पुन्हा बरोबर. पाचसहा वेळा झाल्यावर भाऊंनी बाही खाली केली.

"शिबं होय. मलम लावा, जाईन. घाबराचं काई नाई."

शेठनी एवढा मोठा श्वास सोडला, की समोरची साडीची घडी हलली. मग भाऊंचा हात धरून म्हणाले, "भाऊ, हे बाहेर कोणाले बोलू नका हं. बजारात माणसं कसे असते, तुमाले माहीत हाय."

"नाई बोलत," भाऊ म्हणाले. "शटर काऊन ओढलं होतं तुमी?"

बाहेरून एक ट्रक गेला. शेठनी गल्ल्यामागून रजिस्टर काढलं, जे एक पान मुडपलेलं होतं ते सरळ केलं, आणि म्हणाले, "पण पेंडॉल सांगतला ना भाऊ. चौकात बोर्ड बी लिहिला. आता नाई म्हटलं तं लोकं अजूनच इचारन."

हे मात्र खरं होतं. मी माझी अक्कल चालवून म्हणालो, माझी तब्येत बिघडली असं सांगू. भाऊंनी तिकडे लक्षही दिलं नाही. ते रजिस्टरच्या बंद पुठ्ठ्यावर बोटांनी ताल धरून बसले होते. मग म्हणाले, "सत्कार होऊ द्या. साऱ्या गल्लीचा करू."

आणि तसा तो झाला. त्या रविवारी कारंज्याच्या चौकात गिरधारीशेठनी आपल्या कॅफेत त्या महिन्यात पाऊल टाकलेल्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांचा सत्कार केला. रिझल्ट पाहायला आलेली पोरं, नोकरीचे फॉर्म भरणारे, पत्रिका जुळवायला आलेले बाप, एकदा नुसता कूलरच्या हवेला बसलेला ट्रकचा क्लीनर, सगळे. प्रत्येकाला एक गुलाबाचं फूल आणि एकसारखी चिठ्ठी, तीवर वर्ध्याच्या दवाखान्याचा पत्ता आणि वार. चारही कंप्युटर पेंडॉलमध्ये आणून मांडले होते आणि चारींवर एकच पान उघडं होतं, 'चट्टा बधिर असेल तर'. पुरुष पाहत होते, बाया पाहत होत्या, म्हाताऱ्या वाचून घेत होत्या. भाऊंनी माइकवरून एकाआड एक सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि उरलेल्यांना शेजाऱ्याच्या हातावर फुलाच्या देठाचं टोक टेकवायला सांगितलं, मग अदलाबदल. पाचपन्नास माणसं भर चौकात डोळे मिटून बसलेली मी तेव्हा पाहिली. त्यात तो वाचणारा माणूस होता की नाही, मला ठाऊक नाही.

अध्यक्षीय भाषणात मला खरं बोलायचं होतं. भाऊंनी बजावलं होतं, "खोटं नको बोलू, अन् जास्त बी नको." मी उभा राहून म्हणालो, "मी जे पेपरात दिलं ते द्यायला नको होतं. चूक माझी आहे." लोकांना तो माझा विनय वाटला. जोरात टाळ्या पडल्या. आयुष्यात मला पडलेल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच.

परत येऊन मी गावांची यादी काढून टाकली, वेळा पुसल्या, कात्रण फाडलं. मग भाऊ स्टुलावर आणि मी खुर्चीवर, असे आम्ही तीन-चार सकाळी बसून नवा मोजणारा निवडायला लागलो. कंपन्यांची नावं मी वाचायचो, भाऊ आपले तीन प्रश्न विचारायचे. बहुतेक पहिल्याच प्रश्नाला बाद झाले. शेवटी जो राहिला तो आमच्याच भाड्याच्या जागेवर चालणारा, अगदी साधा होता. आलेल्याच्या कंप्युटरचा पत्ता तो अर्धा कापूनच घेई, वाचकाच्या कंप्युटरवर काही ठेवत नसे, आणि महिन्याला प्रत्येक पानापुढे एक आकडा देई. बाकीचं पहिल्या तारखेला आपोआप पुसलं जाईल अशी सोय मी करून दिली. दिसायला तो इतका गरीब होता, की क्लासमध्ये कुणाला दाखवायची मला लाज वाटे. भाऊंना पसंत पडला. "माह्या वहीसारखा हाय," म्हणाले. त्यांनी माझ्या कुठल्याही कामाची केलेली ही एकुलती एक स्तुती.

पाचसहा महिन्यांनी ते माडीवर आले, चपलांची पाहणी केली आणि बसता बसता म्हणाले, "कारंजाची चिठ्ठी घेऊन आलते दवाखान्यात."

"कोण?" माझ्या तोंडून गेलंच.

भाऊ चष्मा पुसत राहिले. मी जीभ चावली आणि नीट विचारलं, "किती?"

"एक," ते म्हणाले. "टायमावर आलं. हात-पाय शाबूत राह्यते आता." मला एकदम भरून आलं. तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "चहा सांग."

त्यानंतर क्लास बंद पडला, कंप्युटर घरोघरी गेले, माझं शहाणपणही बरंच ओसरलं. भाऊंची भेट कमी होत गेली. एका उन्हाळ्यात ते गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. त्याआधीच्या हिवाळ्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं, ते आमच्याच गल्लीत.

गोळ्यांचा कोर्स संपला तरी जुन्या गल्ल्यांतून ते वर्षातून एकदा चक्कर मारत, निवृत्तीनंतरही. त्या सकाळी मी अंगणात पेपर वाचत होतो. ते सायकल चालवत नव्हते, हातात धरून आणत होते. हातपंपाला टेकवली आणि पहिल्या घरी शिरले. शिंपीकाका जाऊन तोवर काही वर्षं झाली होती, पण त्यांच्याही घरी गेले. तिसऱ्या घरी गेले. ओळीनं येत येत आमच्याकडे आले. मी न सांगता बाह्या वर केल्या, ते हसले. चहा मीच केला. आई खाटेवर बसली होती. भाऊंनी सगळ्या घरी विचारतात तेच तिलाही विचारलं, "हात-पाय बरे?"

"बरे हायेत भाऊ," आई म्हणाली.

त्यांनी अर्धा कप घेतला आणि उठले. मी फाटकापर्यंत गेलो. हातपंपापाशी ते सायकलचा स्टँड पायानं सोडवत होते, दोनदा पाय घसरला, तिसऱ्यांदा सुटला. मागे न पाहता ते हळूहळू निघाले. त्यांच्या पाठीकडे पाहताना मला माझी ती जुनी वही आठवली. शिंपीकाका, काकू, मिनिटं, क्रमांक. वीस वर्षं मी मनातल्या मनात एकेका घरावर संशय घेत आलो होतो. एक, दोन, तीन, मी फाटकाशी उभा राहून बोटांवर मोजलं. सहा झाली. गल्लीत घरं सात. आमचं घर मी कधी वहीत लिहिलंच नव्हतं.

आई काठी टेकत दारात येऊन उभी राहिली होती. तीही त्या सायकलकडे पाहत होती, वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत.

मी तिच्याकडे वळलो. विचारायचं ते जिभेवर आलं होतं.

"आई, अजून घोटभर चहा टाकू?" मी म्हटलं. "साखर किती?"